शेपूचे दोन मंत्र

"वरची पोरगी चालली म्हनं खोली सोडून," चुलती म्हणाली.

"व्हय," आई म्हणाली. "बदली झालीया बंगळुरूला. महिनाअखेरीला जातीया."

"मग तुज्या लेकीचं कसं? दोगी तर चिकटलेल्या असत्यात."

"तिला ठावं न्हाई अजून. पोरगी म्हनली, काकू, तिला मी सांगीन, तुमी कुनी बोलू नका. बदली तिनंच मागून घेतलीया, म्हनून अवघड वाटतंय तिला." मग आईने पळी भांड्यावर आपटली. "चीक पातळ झालाय का गं?"

त्या दोघी गच्चीवर कुरडया घालत होत्या. गच्चीला लागूनच भाड्याची खोली आहे आणि त्या खोलीच्या खिडकीशी मी बसले होते. खिडकीला पडदा होता. ज्या पोरीबद्दल त्या बोलत होत्या ती खाली दूध आणायला गेली होती. माझ्यासमोर तिचा लॅपटॉप उघडा होता आणि त्यावर एका दगडी बोळात चार सांगाडे आमच्याकडे तोंड करून उभे होते. मी कळ दाबेपर्यंत ते हलणार नव्हते. त्या खेळाचं ते एक बरं होतं. आपलं काय करायचं ते ठरेपर्यंत समोरचे थांबतात.

ती दूध घेऊन वर आली आणि म्हणाली, "काहून अशी बसली? मार ना त्यांना."

मी मारलं. ती काही सांगेल म्हणून वाट बघत होते. तिने चहा केला.

ती दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे राहायला आली. मूळची अकोल्याकडची, नोकरी हिंजवडीत. रोज सकाळी स्कूटरवरून नांदे-चांद्याच्या रस्त्याने जायची आणि धुळीने भरलेली परत यायची. भूगावात आमच्या घरावर खोल्या निघाल्या तशा बऱ्याच जणी आल्या नि गेल्या. त्यांची मला सवय होती. त्या आईला काकू म्हणायच्या, माझ्याकडे बघून हसायच्या, आणि मीही हसायचे. तेवढंच.

मी कमी बोलते. बावधनच्या इंग्रजी शाळेत मला पहिल्या वर्षी सगळे हसले, कारण मी बाईंना "हितं बसू का" असं विचारलं होतं. मग मी शाळेतली भाषा शिकले, आणि ती तोंडात बसली तेव्हा घरी चुलतभाऊ मला मडमबाई म्हणायला लागले. दोन्हीकडे हसं होण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं मी साधारण सहावीत ठरवलं. आता मी घरीच बसून एका कंपनीसाठी वस्तूंची इंग्रजी वर्णनं तपासते. दिवसभर कुणाशी बोलावं लागत नाही.

तिच्या खोलीत मी पहिल्यांदा गेले ते आईने दिलेली चाकवताची जुडी पोचवायला. घरामागे अजून चार-पाच गुंठे शिल्लक आहेत, तिथे आई पालेभाजी लावते. ती जुडी हातात घेऊन तिने विचारलं, "हे काय आहे?" मी नाव सांगितलं. ती म्हणाली, "थांब एक मिनिट," आणि लॅपटॉपकडे वळून टाइप करायला लागली. तिला एका लढवय्या बाईसाठी नाव हवं होतं. अशी चाकवत जन्माला आली.

तो खेळ दिसायला जुन्या काळचा होता, पण जुना नव्हता. कुणीतरी हल्लीच मुद्दाम जुन्यासारखा केला होता. एक गाव, गावाखाली भुयार, भुयाराचे मजले खाली खाली उतरत गेलेले. आपण सहा जणांची टोळी करायची, तिघं पुढच्या रांगेत मार खायला, तिघं मागच्या रांगेत. एकेक घर पुढे टाकायचं, काटकोनात वळायचं, भिंत आली की भिंत. बाकी काही दिसत नाही. नकाशा खेळ देत नाही. तो आपणच चौकटीच्या वहीत काढायचा. खेळ जपून ठेवायचा तर गावातल्या धर्मशाळेत परत यावं लागतं. भुयारात मेलो तर मेलो.

"आणि मेलं तर काय होतं?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"तिथंच पडून राहतात. मग नवे सहा जण बनवायचे, त्यांना मोठं करायचं आणि त्यांनी जाऊन जुन्यांना उचलून आणायचं."

"किती दिवस लागतात त्याला?"

"महिने लागतात बाप्पा. म्हणून तर कोणी खेळत नाही."

तिला हे सगळं इंजिनिअरिंगच्या होस्टेलमध्ये कुणा सीनियरने शिकवलं होतं. ऑफिसातले लोक तिला हसत. एवढे चांगले खेळ निघालेत, हे काय चौकोन चौकोन खेळतेस म्हणत. मला मात्र ते चौकोन लगेच आवडले. नकाशा काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर बारीक आहे. ती कळा दाबायची आणि बोलायची, मी पेन्सिलीने घरं भरायचे. "दोन पुढं. डावीकडे दार. उजवीकडे भिंत. पुढं भिंत." तासन् तास एवढंच. मला कुणाशी इतकं बोलल्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

सहाही जणींना आईच्या वाफ्यातलीच नावं मिळाली. पुढे चाकवत, अंबाडी, करडई. मागे जादू करणारी मेथी, जखमा बऱ्या करणारी शेपू आणि पेट्या उघडणारी चोर माठ. माठ हे नाव तिने पहिल्या पेटीनंतर बदलून ठेवलं, कारण कुलूप उघडायला गेली ती विषारी सुई टोचून घेऊन आली. शेपूला शेपू का, तर घरात कुणाला आवडत नाही पण आजारपणात तीच लागते.

एकदा ती जिन्यात ओरडत खाली आली, "काकू, शेपू मेली." आई भाकरी थापत होती. म्हणाली, "मग फ्रीजात का न्हाई ठेवली?" त्यानंतर आठवडाभर तिला हसू आवरत नव्हतं.

त्या खेळाचा संतापही खूप यायचा. पहिल्या मजल्यावर अर्ध्या लढाया अशाच. चाकवतने वार केला, चुकला. करडईने वार केला, चुकला. उंदराने चावा घेतला, करडई मेली. अख्खा रविवार जायचा आणि रविवारअखेर आपण सकाळपेक्षा दुबळे झालेलो असायचो. गावातलं देऊळ मेलेल्यांना जिवंत करतं, पण नेहमीच नाही. अंबाडीच्या वेळी पुजाऱ्याने मंत्र म्हटला आणि पडद्यावर एवढंच आलं की तिची राख झाली. राख म्हणजे संपलं. तिच्या जागी नवी करावी लागली. तिलाही आम्ही अंबाडीच म्हटलं, पण मी नकाशाच्या कोपऱ्यात जुन्या अंबाडीचं नाव लिहून ठेवलं. ती एकदाही काही बोलली नव्हती. त्या सहांपैकी कुणीच बोलत नसे. त्यांची नावं होती आणि पुढे आकडे होते. तरी मला दोन दिवस जेवण गेलं नाही, आणि हे मी सांगू शकेन अशी एकच व्यक्ती होती.

सगळ्यात वाईट घर गिरकीचं. तिथे पाऊल टाकलं की आपलं तोंड गुपचूप दुसरीकडे वळतं. पडद्यावर काहीच कळत नाही, बोळ तसाच दिसतो. आपण मात्र उत्तर समजून दक्षिणेकडे चालत असतो आणि वहीत भिंती काढत जातो. बऱ्याच वेळाने एक दार नको तिथे येतं, तेव्हा कळतं. मग मागे जाऊन शोधायचं की नकाशा नेमका कुठून चुकला. गच्चीवरचं बोलणं ऐकल्यावर मी रात्री अंथरुणात तेच केलं. दिवाळीला ती घरून उशिरा परत आली होती तिथून? की मी तिला माझ्या नोकरीबद्दल सांगत होते आणि ती फोनकडे बघत होती, तिथून? मला जागा सापडली नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी नेहमीसारखी वर गेले. ठरवलं होतं की ती सांगेपर्यंत आपण विचारायचं नाही. मला एवढंच हवं होतं, की तिने माझ्याकडे बघून, स्वतःच्या तोंडाने सांगावं. मग मी काय बोलायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं. "छान. अभिनंदन." असे दोन शब्द.

ती काही म्हणाली नाही. आम्ही पाचव्या मजल्याचा निम्मा भाग काढला. तिने मला इंग्रजी वाक्यं वऱ्हाडीत करून वाचून दाखवली. "भुतानं तुले पाह्यलं. भुताले काही खास वाटलं नाही." मी हसले. खरंच हसले, आणि त्याचा मला नंतर राग आला.

पुढच्या रविवारी कपाटावरची मोठी बॅग खाली काढलेली होती.

"सफाई काढलीये," ती म्हणाली.

"हं."

मसाल्याच्या डब्यांमधले तीन डबे धुऊन पालथे घातले होते. भिंतीवरचं कॅलेंडर होतं, पण त्याशेजारचा तिच्या भाचीचा फोटो नव्हता. खिळा होता. मी वही उघडली आणि पेन्सिलीला टोक करत बसले. पेन्सिल टोकदारच होती.

त्या संध्याकाळी ती म्हणाली, "चल, पाय मोकळे करून येऊ." आम्ही घरामागच्या प्लॉटिंगमध्ये गेलो. तिथे बिल्डरने रस्ते आखलेत, गटारं बांधलीत, प्रत्येक प्लॉटच्या कोपऱ्याला पांढरा दगड, आणि घरं एकही नाहीत. ती जमीन आमची होती. मी लहान असताना तिथे भात असायचा. ती पांढऱ्या दगडांच्या मधून काटकोनात चालायला लागली.

"दोन पुढं," ती म्हणाली. "उजवीकडे दार. आत राक्षस."

"आत कुत्रं झोपलंय," मी म्हणाले.

"मग मेथीला पुढं कर."

आम्ही तशाच चालत चालत प्लॉटिंगच्या टोकापर्यंत गेलो. तिथून चांदणी चौकाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग दिसते. ती थांबली. तिने ओढणी नीट केली. म्हणाली, "ऐक ना. तुला एक सांगायचं होतं."

मी म्हणाले, "इथे भिंत आहे. परत फिरायला हवं."

का म्हणाले, कळत नाही. जे ऐकायला मी दोन आठवडे थांबले होते ते समोर आलं आणि मला वाटलं, आता नको. ती गाड्यांच्या रांगेकडे पाठ करून वळली. मग म्हणाली, "हो, चल," आणि आम्ही परत आलो. तिने पुन्हा विषय काढला नाही.

टेम्पो गुरुवारचा ठरला. टेम्पोवाला आमच्याच भावकीतला, तेव्हा आईच फोनवर त्याच्याशी बोलत होती. मला बघून ती दबक्या आवाजात बोलायला लागली आणि स्वयंपाकघरात गेली. घरातले सगळे माझ्याशी नीट वागायला लागले होते. चुलतभावाने मला मडमबाई म्हणणं सोडलं. त्यावरून मला कळलं की त्यांनाही माझ्याबद्दल वाईट वाटतंय, आणि ते सगळ्यात असह्य होतं.

मग शेवटचा रविवार. खोलीत खोकी होती. त्यांच्यावर तिने चादर टाकली होती, जणू चादरीखाली काय आहे ते मला कळणार नाही. मी त्या चादरीला टेकून बसले. आम्ही दुपारी सुरुवात केली.

आमचा एक नियम होता. शेपूकडे रोज ठरावीक मंत्र असतात आणि धर्मशाळेत झोपल्याशिवाय ते परत भरत नाहीत. शेपूचे दोन मंत्र उरले की परत फिरायचं. कितीही मोह झाला तरी, पुढचं दार उघडं दिसत असलं तरी. एक मंत्र परतीच्या वाटेला आणि एक चुकीला. "परत फिरू?" हे नेहमी ती विचारायची आणि मी "हं" म्हणायचे. दोन वर्षांत हा नियम आम्ही मोडला नव्हता. म्हणूनच तर एवढ्या खाली पोचलो होतो.

सहाव्या मजल्यावर उतरलो. कोरा कागद लावला. पहिल्या बोळातच करडईला विष चढलं. विष चढलं की प्रत्येक पावलाला थोडं रक्त कमी होतं. शेपूने ते उतरवलं. मग दोन लढाया झाल्या. शेपूचे दोन मंत्र उरले.

ती काही बोलली नाही.

मीही आकडा बघितला होता. तिनेही बघितला होता. गावात परत गेलो असतो तर धर्मशाळेत झोपलो असतो, खेळ जपून ठेवला असता आणि लॅपटॉप बंद केला असता. मग उठून खाली जायचं. मग सोमवार. तिने पुढची कळ दाबली. मी वहीत एक घर भरलं.

"दोन पुढं," ती म्हणाली.

"हं."

"डावीकडे दार."

दाराआड काहीतरी होतं, त्याने मेथीला झोपवलं. शेपूचा एक मंत्र गेला. एक उरला. आईने खालून हाक मारली, "अगं ए, चहा टाकू का दोघींना?" ती म्हणाली, "नको काकू, नंतर." आम्ही आणखी पुढे गेलो. मला माझ्या हातातल्या पेन्सिलीचा आवाज येत होता. ती स्क्रीनकडे बघत होती आणि मी वहीकडे, आणि दोघींपैकी एकीने फक्त "परत फिरू" म्हणायचं होतं. मला वाटतं, आम्ही दोघी त्या वेळी एकच विचार करत होतो. पण ते मी कधी विचारलं नाही.

पुढच्या वळणावर जे आलं त्याचं आम्हाला नावही कळलं नाही. ओळख पटली नाही की खेळ नुसतं "काळी आकृती" असं लिहितो. त्या पाच होत्या. त्यांनी आधी वार केला. चाकवत पडली. दुसरी अंबाडी पडली. शेपूने शेवटचा मंत्र करडईवर वापरला आणि पुढच्याच फेरीत त्या दोघी आणि मेथी गेल्या. माठ शेवटपर्यंत उभी होती. तिने एकदा वार केला, आणि तो चुकला नाही. त्याचा काही उपयोग नव्हता.

पडद्यावर सहा थडगी आली, तीन पुढे, तीन मागे. आम्ही दोघी ते बघत राहिलो. बाहेर ऊन उतरलं होतं आणि गच्चीवर कुणीतरी वाळवणाचा कागद गोळा करत होतं, त्याची सळसळ येत होती. मला वाटलं ती आता हसेल. तिचा हात कळांवर तसाच होता. तिचे डोळे भरले होते, आणि ते लपवायला ती पडद्याच्या आणखी जवळ सरकली.

"जाऊ दे," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा होता, तो तिने नेहमीसारखा केला होता. "जागा माहितीये ना आपल्याला. नकाशा आहे. नवे सहा बनवू आपण. हळूहळू मोठे करू. दोन महिने लागतील, फार तर तीन. मग जाऊन आणू यांना वर. या वेळी फळभाज्या घेऊ. दोडका पुढं ठेवू."

तिने खरंच नव्या टोळीचं पान उघडलं. नावाच्या जागी उभी रेघ लुकलुकत होती. तिने द लिहिला. मग काना नसलेला तो द तसाच राहिला, कारण तिला पुढे लिहिता येईना. मी माझे ठरवलेले दोन शब्द शोधले. छान. अभिनंदन. ते होते, पण ते उचलता येत नव्हते.

"दोन महिने तू कुठे आहेस," मी म्हणाले. माझा आवाज मला मोठा वाटला. "गुरुवारी टेम्पो येणारे. मला पहिल्यापासून माहितीये. तू सांगितलं असतंस तर मी काही बोलले नसते." मग मी म्हणाले, "नाही. बोलले असते. जाऊ नकोस म्हणाले असते."